गवत समजून उपटलेलं भात

“आजी, उजवा डोळा आपण परत आणू. डाव्याचं मी खात्रीनं सांगू शकत नाही.”

डॉक्टरीणबाई हे बोलल्या तेव्हा माझी हनुवटी त्यांच्या यंत्राच्या पट्टीवर टेकलेली होती आणि कपाळ पुढे दाबलेलं होतं. वाईट बातमी ऐकायची ही काय जागा झाली. मान खाली घालून रडावं म्हटलं तर मान हलवायची नाही.

आजाराचं नाव त्यांनी आधी इंग्रजीत सांगितलं, मग मराठीत. हायपरमॅच्युअर कॅटरॅक्ट, म्हणजे नको तितका पिकलेला मोतीबिंदू. आणि त्यापायी झालेला ग्लॉकोमा, म्हणजे काचबिंदू. डोळ्याच्या आत पाणी सारखं झिरपत असतं आणि बाहेर जात असतं. माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका फुगला, की त्या पाण्याची वाटच अडली. पाणी तुंबलं, दाब वाढला, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस त्या दाबाखाली चेपली. मोतीबिंदू काढता येतो. सुकलेली नस परत जिवंत करता येत नाही.

“इतके दिवस काय करत होतात?” त्यांनी विचारलं.

“पिकायची वाट बघत होते,” मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. मला हसू आलं होतं, पण ते रागाचं. तो राग अजून गेलेला नाही आणि हे सगळं मी त्या रागातच लिहिते आहे. ज्यांच्या घरात एखादी म्हातारी ‘मला सगळं दिसतंय’ म्हणत भिंतीला हात लावून चालते, त्यांनी हे वाचावं. आणि त्या म्हातारीला मोठ्यानं वाचून दाखवावं.

माझं माहेर रिहे गावचं, सासर कोळवण खोऱ्यातलं. दोन्हीकडे भाताची खाचरं, त्यामुळे नवी नवरी म्हणून आले तेव्हा नवीन असं काही नव्हतं, सासू सोडून. मला माझ्या नजरेचा भारी गर्व. समोरच्या डोंगरावर कुणाची गुरं चरतायत ते मी अंगणातून सांगायची. सासूबाई तांदूळ निवडायला बसल्या, की मागून जाऊन सुपात बोट ठेवायची. हा खडा राहिला, हाही राहिला. घारीएवढे डोळे आणि चिमणीएवढी अक्कल. तेव्हाची ती मी, शेवंता, आज समोर आली तर तिला चांगली सुनावीन म्हणते, पण ओळखू येण्याइतकी जवळ ती काही यायची नाही.

पहिली खूण म्हणजे, तिन्हीसांजेला येणाऱ्या जीपच्या दिव्यांना मिशा फुटल्या. उजेडाचे लांब लांब केस. मग ऊन टोचायला लागलं. मग माणसांची तोंडं पुसल्यासारखी झाली. पण मी लबाड. माणूस चालीवरून ओळखायची, खोकल्यावरून ओळखायची. समोरचा बोलेपर्यंत ‘या, या’ करत राहायची आणि आवाज कानावर पडला की नाव घ्यायची. दूध उतू जाताना ऐकायची, पाण्याचा हंडा भरला की आवाजावरून सांगायची. पायवाटा तळव्यांना पाठ. हे नाटक मला इतकं जमलं, की घरात कुणाला संशय आला नाही, आणि त्याची फुशारकी मी मनातल्या मनात मारत होते.

पण जमीन विकली जाते तेव्हा पायवाटही विकली जाते. आमच्या खालच्या अंगाची खाचरं शहरातल्या माणसांनी फार्महाऊससाठी घेतली, आणि जन्मभर मोकळा असलेल्या बांधावर तारेचं कुंपण आलं. मी सरळ त्यात गेले. लुगडं फाटलं, दंड फाटला. घरी येऊन मी कुंपणवाल्याला पोटभर शिव्या दिल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, बरोबर आहे, वहिवाटेत असं कुंपण घालतात का. हातभर अंतरावरची तार मला दिसली कशी नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्याच्या आधी एकदा शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं होतं. एका माणसानं डोळ्यात बॅटरी मारली आणि म्हणाला, “मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे. पिकू द्या, मग बघू.” तो परत कधी आला नाही. भात पिकवणाऱ्या बाईला ‘पिकू द्या’ हे दोनदा सांगावं लागत नाही. कच्चं कापलं की तांदळाची कणी होते, हे आम्ही पाळण्यात शिकतो. मला ते इतकं पटलं, की आंबेमोहोराची राखण करावी तशी मी डोळ्याची राखण करत बसले. पण भात पिकलं की पिवळं दिसतं. डोळा पिकला हे बघायचं कुणी, आणि कशानं?

डॉक्टरीणबाईंनी मला नंतर समजावलं. पूर्वी मोठी चीर देऊन, टाके घालून ऑपरेशन करायचे, तेव्हा खरंच थांबायला सांगत. आता थांबायचं कारण नाही. “मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते, आजी. रोजच्या कामाला अडचण यायला लागली, की काढायचा.”

बस, एवढंच वाक्य. आमच्या खोऱ्यात डांबरी रस्ता आला, बंगले आले, पोहण्याचे तलाव आले, मोबाइलला रेंज आली. हे एक वाक्य तेवढं आलं नाही.

रोजचं काम म्हणाल तर माझं काम बेणणीचं. लावणी झाल्यावर भातात गवत उगवतं, ते उपटायचं. आमच्याकडे हे सावडीनं होतं: आज सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्याजणी माझ्या. सावडीत आहे तोवर बाई धडधाकट. सावडीतून गेली की ती घर राखणारी म्हातारी, कोंबड्या हाकणारी. मला कोंबड्यांचा तिटकारा आहे.

भातात एक गवत येतं, ते हुबेहूब भातासारखं दिसतं. चांगल्या डोळ्यांनाही फसवतं. फक्त पान खोडाला मिळतं तिथं भाताला बारीकसा पापुद्रा असतो, थोडी लव असते. गवताला तिथं काही नाही, नुसतं गुळगुळीत. नजर गेली तशी मी बोटांनी तो पापुद्रा चाचपून बेणायला लागले. काम चोख, पण हळू. बाकीच्या जणी पुढे जायच्या, त्यांच्या गप्पा पुढे जायच्या, आणि मी मागं एकटी चिखलात. ते काही मला सोसेना. म्हणून मी चाचपणं सोडलं आणि अंदाजानं उपटत सुटले, सगळ्यांच्या बरोबरीनं. ते खाचर इंदूबाईचं होतं. इंदूबाई म्हणजे रिह्याचीच लेक, माझ्या मागून वर्षभरानं याच गावात दिलेली, माझी शेजारीण.

पुढच्या पावसात सावडीचा निरोप आला नाही. मी अंगणातून बायांचे आवाज ऐकत राहिले. मला वाटलं, इंदीला शिष्टपणा चढला. तिच्या मुलानं माळाची जमीन विकून घराला फरशी घातली होती, तेव्हापासून तिचा पाय जमिनीला लागत नाही असं माझं मत होतं. मी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या नातीच्या लग्नाला गेले, जेवले, आणि फक्त गोड खाल्लं नाही. एवढाच बहिष्कार मला झेपला.

असाच दुसराही पावसाळा गेला. दिवाळीनंतर भात झोडून घरात आलं आणि डावा डोळा दुखायला लागला. दुखणं कसलं, डोळ्यातून दाढेपर्यंत कुणी खिळा ठोकतंय असं. अर्धं डोकं फुटायला आलं आणि उलट्या सुरू झाल्या. माझी सून संगीता पिरंगुटला कंपनीत पॅकिंगला जाते. ती कामावरून आली आणि म्हणाली, पित्त. मीही म्हणाले, पित्त. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथंही पोटाच्या गोळ्या दिल्या. उलट्या सगळ्यांनी पाहिल्या. लाल झालेल्या डोळ्यात कुणी वाकून पाहिलं नाही. आणि नस तिकडे चेपत राहिली.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. डोळा लाल, डोकं फुटतंय, उलट्या होतायत आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय, तर ते पित्त नव्हे. त्याच पावली डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. सून कामावरून यायची वाट बघायची नाही, उद्याची तर नाहीच नाही.

गोळ्यांनी काही होईना, तेव्हा संगीतानं कंपनीत खाडा केला आणि मला शहराच्या अलीकडच्या डोळ्यांच्या रुग्णालयात आणलं. तिथं यंत्रावर ते हनुवटी टेकवणं झालं, ते वर सांगितलंच. मग बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, कारण मोतीबिंदूच्या आडून आतलं काही दिसतच नव्हतं. मग दाब उतरवायला सलाइन. आणि मग बाकावर बसून राहायचं. रुग्णालयातलं अर्धं दुखणं त्या बाकावरच असतं.

तिथं एक पोरगी आली, हातात मोबाइलपेक्षा मोठी पाटी. कुठल्याशा संस्थेची. गरीब देशांत कमी दिसण्याचा रोजच्या कामांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास चाललाय म्हणाली. वागायला गोड होती. मी म्हटलं, विचार.

“आजी, जिना उतरताना त्रास होतो? अजिबात नाही, थोडा, खूप?”

“आमचं घर बैठं हाय.”

“मग लागू नाही.” तिनं बोट दाबलं. “टीव्ही बघताना?”

“म्या ऐकते नुसता.”

“सुई ओवताना?”

“नात ववून देती.”

“रस्त्यापलीकडचा माणूस ओळखता येतो?”

“बोलला तर वळखते.”

“शेतात काम करता?”

“आता न्हाई करत.”

“म्हणजे हेही लागू नाही.”

प्रत्येक ‘लागू नाही’ला ती पाटी टुक करून वाजत होती. मला कळेना हा काय हिशेब आहे. जी कामं डोळ्यांनी माझ्या हातातून हिसकावून घेतली, ती तिच्या लेखी माझी नव्हतीच. जे सोडून दिलं त्याचा त्रास कसला होणार? या हिशेबानं ठार आंधळी बाई सगळ्यांत सुखी. सगळंच सोडलेलं, त्रास शून्य.

“ए पोरी, थांब,” मी म्हणाले. बाकावरच्या चार माणसांनी माना वळवल्या असाव्यात, बाक कुरकुरल्याचा आवाज आला. “आता न्हाई करत, हे तू दाबलंस. का न्हाई करत, त्ये इचार की. त्याला तुज्या पाटीवर जागा हाय का?”

“तसा प्रश्न नाहीये, आजी.”

“मंग घाल.”

ती पाटी मांडीवर ठेवून म्हणाली, “सांगा. शेवटी शेरा लिहायला जागा आहे.”

मी सांगितलं. सावड, बेणणी, इंदीनं न पाठवलेला निरोप, दोन पावसाळ्यांचा अबोला, सगळं. चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं. माझ्या शेजारी संगीता औषधाच्या बाटलीचं टोपण फिरवत बसली होती, त्याची करकर ऐकू येत होती. ती करकर थांबली.

“आत्या, इंदूकाकींनी भांडणापायी न्हाई टाळलं तुमाला.”

“मंग?”

“तुमी त्यांच्या खाचरातलं भातच उपटलं व्हतं. गवत तसंच उभं. बाया तुमच्या मागनं गुपचूप रोपं परत लावीत गेल्या. तुमाला वाईट वाटंल म्हून कुणी बोललं न्हाई.”

“तुला कदी कळलं?”

“तवाच.”

मला त्या क्षणी ओरडायचं होतं आणि ओरडणार कुणावर हेच ठरेना. सगळ्या सावडीला ठाऊक. सुनेला ठाऊक. खाचरातल्या बेडकांनाही ठाऊक असणार. माझ्या मागून चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बाया, एकमेकींना खुणा करणाऱ्या, तोंडातून चकार शब्द न काढणाऱ्या. सगळ्यांनी मिळून माझी लाज राखली. डोळा कुणी राखला नाही. त्याच दिवशी एखादीनं तोंडावर म्हटलं असतं, ‘शेवंते, आंधळी झालीस का’, तर मी तिला चार शिव्या दिल्या असत्या, रात्रभर धुसफुसले असते, आणि नंतर कधीतरी डोळे दाखवले असते. तेव्हा डावा डोळा वाचण्यासारखा होता.

आणि मी तरी काय वेगळं केलं? मीही माझी लाजच राखत होते. घारीच्या डोळ्यांची शेवंता ती, आंधळी कशी होईल.

त्या पोरीनं सगळं लिहून घेतलं. मग पहिल्यापासून सगळे प्रश्न परत विचारले, आणि या वेळी प्रत्येकाच्या मागं ‘आधी करत होता का?’ असं जोडलं. या खेपेला पाटी एकदाही टुक झाली नाही. तिचा अभ्यास कुठं गेला मला माहीत नाही. पण तो प्रश्न तुम्ही आपल्या घरात विचारायला काही हरकत नाही. ‘दिसतं का?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. काय करायचं सोडलं, ते विचारा.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं, दाब उतरवण्यासाठी. दुखणं गेलं. पट्टी काढल्यावर उजेड कळला, हात हलवलेला कळला. “याच्या पुढं नजर येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण उजवा वेळेत आहे.” त्या वेळी मी त्यांचे आभार मानले नाहीत. तोंड फिरवून बसले, जसं काही डोळा त्यांनीच पिकवला होता.

उजव्याच्या वेळी मात्र माझी बोलती बंद झाली. आता उरलेला तो एकच. डोळ्याच्या कडेला भुलीचं इंजेक्शन देतात, शुद्ध राहते, तोंडावर निळं कापड येतं. पाण्याचे थेंब पडल्यासारखं वाटतं आणि आजूबाजूला माणसं डब्यातल्या भाजीबद्दल बोलत असतात. दुखत नाही, हे मी खरं सांगते. भीती मात्र वाटते. मी अंगठा बोटांवर फिरवत राहिले, पापुद्रा चाचपावा तशी. हाही गेला तर ही बोटं आहेत, असं मनाला सांगत होते. मनाला ते पटत नव्हतं. मला बोटांनी ओळखलेलं जग नको होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर डॉक्टरीणबाईंचं तोंड, अगदी लख्ख. माझ्या नातीच्या वयाची पोर.

“काय दिसतंय, आजी?”

“तुमच्या हनुवटीवर पुटकुळी आलीय,” मी म्हणाले.

त्या तेव्हा हसल्या. मी त्यांचा हात धरला आणि सोडेचना. आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आभार त्यातच आले असं त्यांनी धरलं असावं.

घरी आले तर भांडी राखेनं बरबटलेली, कडांना खरकटं. मी संगीताला हाक मारणार, तेवढ्यात आठवलं, निघायच्या आधी ती मीच घासली होती, आणि संगीता माझ्याबरोबरच दवाखान्यात होती. इतकी वर्षं ती पोर माझी घासलेली भांडी माझ्या मागून परत घासत होती. सावड घरातही चालू होती म्हणायची.

डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, वाकायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, थेंब वेळेवर घालायचे. हे सगळं संपल्यावर मी इंदूबाईच्या दारात गेले. ती फरशीवर वाल सोलत बसली होती.

“इंदे, म्या तुजं भात उपाटलं, तवा तू बोलली का न्हाईस?”

तिचा हात थांबला. “कसं बोलायचं गं? तू रडली असतीस.”

“रडले असते की. पर दोन्ही डोळ्यांनी रडले असते.”

वालाची पाटी तिनं माझ्याकडे सरकवली. मी बसले आणि सोलायला लागले. त्या दिवशी एवढंच झालं.

या पावसात सावडीचा निरोप आला. मी रांगेच्या डाव्या टोकाला उभी राहिले, कारण माझ्या डावीकडे कुणी असलं तर मला कळत नाही. माझ्या उजव्या हाताला इंदू. एका डोळ्यानं गवत नीट दिसतं. हिरव्या रंगातही फरक असतो हे मी विसरूनच गेले होते. माझा हात चालायला लागला आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की मी पुढे आहे. इंदू मागं.

मी वळून पाहिलं. ती वाकलेली, आणि तिची दोन बोटं पानाच्या बेचक्यात. चाचपत होती. मग तिनं चाचपणं सोडलं, माझ्या बरोबरीला यायला भराभर उपटत निघाली, आणि तिच्या मुठीत जे आलं ते मी बघितलं. तिच्या मागून एक तरणी सून काही न बोलता रोप परत चिखलात खोचत होती. तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

सगळ्याजणी गप्प होत्या. मला ते गप्प राहणं चांगलंच ओळखीचं होतं, जरी मी ते पहिल्यांदाच बघत होते.

“इंदे,” मी खाचरभर ऐकू जाईल असं म्हणाले, “तुज्या मुठीत भात हाय.”

“चिखुल उडालाय डोळ्यात.”

“दोन्ही डोळ्यांत? उद्या माज्यासंगं दवाखान्यात चल.”

“मला सगळं दिसतंय.”

“व्हय, मलाबी दिसत व्हतं.”

तिनं मुठीतली रोपं माझ्या पायाशी फेकली. सगळ्यांच्या देखत मी तिची अब्रू काढली, असं म्हणाली. अजून पुष्कळ म्हणाली, ते लिहिण्यासारखं नाही. मग बांधावर चढून घरी गेली. बाया माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मीच तिचे डोळे फोडलेत. संगीतासुद्धा संध्याकाळी म्हणाली, “आत्या, जरा बाजूला घेऊन सांगायचं.” मी म्हणाले, “बाजूला घेऊन सांगायला मला दोन पावसाळे लागले असते.”

सकाळी मी जीपमध्ये बसले, उजवीकडची जागा पदर टाकून धरून ठेवली. गाडी भरली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तेव्हा इंदू आली, नवं लुगडं नेसून, दाराची कड हातानं शोधत. धरलेल्या जागेकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. माझे गुडघे ओलांडून पलीकडे गेली आणि माझ्या डाव्या अंगाला बसली, मला तिचं तोंड दिसू नये म्हणून.

पिरंगुट येईपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. वळणावर गाडी कलली, की तिचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा आणि ती तो झटकन काढून घ्यायची. तेवढ्यावरून मला कळत होतं, ती आहे, आणि रागावलेलीच आहे. राहू दे. उतरताना पायरी उंच होती, तेव्हा तिनं न विचारता माझा दंड धरला.